घडीचा फोन मिटल्यावर एस-११ (अँटेनाकडून परत येणाऱ्या शक्तीचं माप) सुधारतो, पण अँटेनाची कार्यक्षमता कोसळते. शक्ती जाते कुठे?

नवतरंग (प्रश्न)

उभ्या घडीचा, म्हणजे क्लॅमशेल फोन आहे. उघडा असताना लांबी १६५ मिमी, रुंदी ७२ मिमी; मिटल्यावर लांबी ८५ मिमी. दोन्ही अर्ध्यांना अॅल्युमिनियमची चौकट, आणि १.५ मिमीच्या प्लास्टिक भरलेल्या फटींनी तिचे तुकडे पाडलेत. मुख्य अँटेना खालच्या अर्ध्याच्या तळाशी आहे: ४० मिमीचा तुकडा, एक टोक ग्राउंडला, दुसरं मोकळं, मध्ये ट्युनिंगसाठी एक-ते-चार स्विच. फोन मिटला की हा तुकडा वरच्या अर्ध्याच्या माथ्यावरच्या तुकड्यासमोर येतो. मधलं अंतर ०.५ मिमी. माथ्यावरचा तुकडा डायव्हर्सिटी अँटेना, म्हणजे रिसीव्हरची दुसरी, मदतीची अँटेना म्हणून वापरात आहे.

अडचणी तीन.

१. बँड ८ मध्ये (८८० ते ९६० मेगाहर्ट्झ) कार्यक्षमता उघड्या अवस्थेत उणे ५ डीबी, मिटल्यावर उणे १०.५. मिटलेल्या अवस्थेसाठी मॅचिंग (अँटेना आणि रेडिओ यांचा इम्पिडन्स जुळवणारं सर्किट) वेगळं बसवलंय आणि एस-११ उणे १४ पर्यंत जातो, उघड्यापेक्षाही चांगला. म्हणजे शक्ती परत येत नाही, पण बाहेरही पडत नाही.

२. उघड्या अवस्थेत २ गिगाहर्ट्झच्या जरा वर कार्यक्षमतेत अरुंद खड्डा. अँटेनाचं ट्युनिंग कितीही बदललं तरी तो जागचा हलत नाही.

३. बँड ३ वर ट्रान्समिट चालू असताना ५जीच्या एन-७८ बँडची रिसीव्ह संवेदनशीलता घसरते. काही नगांतच, आणि बिजागरीचा कोन थोडा बदलला की आकडाही बदलतो.

तिन्हींचं मूळ एकच आहे का?

तांबेपट्टी

एकच नाही. पहिल्याचं मूळ समोरासमोर आलेल्या चौकटीत, उरलेल्या दोन्हींचं बिजागरीत. मी पहिल्याबद्दल लिहितो.

आधी अंतराचा हिशोब करा. ४० मिमी लांब आणि ३ मिमी जाड कडा, मध्ये ०.५ मिमी हवा: कपॅसिटन्स होतो साधारण २.१ पिकोफॅरड. ९०० मेगाहर्ट्झला त्याचा अडथळा जेमतेम ८३ ओहम. आता तुमची १.५ मिमीची फट घ्या. कडेचा छेद ३ गुणिले ४ मिमी आणि प्लास्टिकचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक ३ धरला तर तिचा कपॅसिटन्स ०.२ पिकोफॅरडच्या आसपास. म्हणजे अँटेना स्वतःच्या फटीपेक्षा समोरच्या तुकड्याशी दहापट घट्ट जोडली गेली. मिटलेल्या फोनमध्ये तुमची अँटेना एकटी नाहीच. दोन रेझोनेटर मिळून बनलेली ती जोडी आहे.

अशा जोडीचे दोन मोड होतात. कॉमन मोडमध्ये दोन्ही तुकड्यांतला प्रवाह एकाच दिशेने वाहतो आणि जोडी एका जाड अँटेनासारखी वागते. डिफरन्शियल मोडमध्ये प्रवाह विरुद्ध दिशांना वाहतात. ९०० मेगाहर्ट्झची तरंगलांबी ३३३ मिमी. तिच्यापुढे अर्धा मिमी म्हणजे काहीच नाही, तेव्हा दूरवर दोन्ही प्रवाह एकमेकांना खोडतात. रेडिएशन रेझिस्टन्स घसरतो, आणि शक्ती स्विचच्या ऑन-रेझिस्टन्समध्ये, कॉइलमध्ये आणि डिस्प्लेच्या थरांत उष्णता होऊन जिरते. नेटवर्क अॅनालायझरला मात्र शक्ती परत आली नाही एवढंच दिसतं, म्हणून एस-११ देखणा. मिटलेल्या अवस्थेत तुम्ही मॅचिंग जुळवलंत ते बहुधा डिफरन्शियल मोडवर. उणे १४ हा आकडा तिथे शाबासकीचा नाही, संशयाचा आहे.

खात्री करायला सिम्युलेशनची वाट बघू नका. दोन अर्ध्यांमध्ये प्लास्टिकच्या पातळ पट्ट्या घाला, अंतर ०.५, १, २, ५ मिमी असं वाढवत जा आणि प्रत्येक वेळी एस-११ ची नोंद करा. पट्ट्या चौकटीच्या त्या तुकड्यांपासून लांब, कोपऱ्यांकडे ठेवा, नाहीतर प्लास्टिकचाच परिणाम मोजाल. जो खड्डा अंतराबरोबर भराभर सरकतो तो डिफरन्शियल. जो जवळपास जागीच राहतो तो कॉमन. दुसरी खूण: फोनपासून २ सेंमीवर तळहात धरा. विकिरण करणारा मोड हाताला लगेच दाद देतो, डिफरन्शियल ढिम्म राहतो, कारण त्याचं सगळं क्षेत्र त्या अर्ध्या मिमीत कोंडलेलं असतं. त्याचा खड्डा अरुंदही असतो.

आता उपाय. मोकळी टोकं समोरासमोर असतील तर जोडणी मुख्यतः विद्युत क्षेत्राची असते, आणि मग डिफरन्शियल मोड खालच्या वारंवारतेला बसतो, कॉमन वरच्या. म्हणून समोरच्या तुकड्याचा स्वतःचा रेझोनन्स कामाच्या बँडच्या खाली ओढायचा. तसं केलं की खालचा, वाईट मोड मुख्यतः समोरच्या तुकड्यात जाऊन बसतो आणि तुमच्या बँडमध्ये दोघांचे प्रवाह एका दिशेला येतात. उलट केलंत, म्हणजे समोरचा तुकडा बँडच्या जरा वर ठेवलात, तर बँडमध्ये नेमका खोडणारा मोड मिळेल. इथे बरेच जण चुकतात, कारण ‘डीट्यून केलं की झालं’ असा समज असतो. कुठल्या बाजूला डीट्यून केलं याला महत्त्व आहे.

एक अपवाद ध्यानात ठेवा. ग्राउंडची टोकं एकमेकांच्या जवळ आणि मोकळी टोकं लांब असतील तर जोडणी चुंबकीय होते आणि मोडांचा क्रम उलटतो. तेव्हा पट्ट्यांची चाचणी आधी, कॉइल नंतर.

प्रत्यक्षात: माथ्यावरच्या तुकड्याच्या ग्राउंड पायाशी सीरिजमध्ये कॉइल घाला. १० नॅनोहेन्रीपासून सुरुवात करून १५, १८, २२ असं चढत जा. तारेची कॉइलच वापरा. त्या जागी प्रवाह सर्वांत जास्त असतो, बहुस्तरीय चिप कॉइलचा क्यू (गुणवत्ता अंक) कमी असल्याने तीच शक्ती खाते. स्विचही तिथेच असेल तर त्याचा १ ते २ ओहम रेझिस्टन्स हिशोबात घ्या. खालचा मोड बँडच्या कडेपासून निदान ६० ते ८० मेगाहर्ट्झ दूर जायला हवा. त्यानंतर मुख्य अँटेनाचा स्विच बदलून कॉमन मोड ९०० वर आणा आणि मॅचिंग शेवटी जुळवा. मॅचिंग आधी जुळवलं तर पुन्हा त्याच खड्ड्यात पडाल.

‘समोरचा तुकडा सरळ ग्राउंडपासून तोडून तरंगता ठेवू’ असं कुणी सुचवलं तर आगीतून फुफाट्यात. ४० मिमीचा तरंगता तुकडा अर्धतरंग होतो ३.७ गिगाहर्ट्झच्या आसपास, आणि भोवतीच्या प्लास्टिकमुळे आणखी खाली, थेट एन-७८ मध्ये.

आणि फटी एकमेकींसमोर आहेत ना, तेही तपासा. तुमच्या फटीसमोर अखंड धातू आला तर फटीच्या दोन्ही बाजूंचे तुकडे त्या धातूमार्फत जोडले जातात. दोन्हीकडे ४० मिमीचं आच्छादन असेल तर वर सुमारे १ पिकोफॅरड येतो, फटीच्या स्वतःच्या पाचपट. फट असून नसल्यासारखी. दोन्ही अर्धे जुळताना ०.३ ते ०.५ मिमीपेक्षा जास्त सरक चालणार नाही.

बिजागरी_७२

दुसरी आणि तिसरी अडचण माझ्याकडे.

दोन अर्ध्यांच्या ग्राउंडमध्ये बिजागरीपाशी जी चीर राहते ती स्वतःच एक स्लॉट अँटेना आहे. ७२ मिमी रुंदी, मधोमध फ्लेक्स केबल गेलेली. केबलच्या ग्राउंडने चीर दोन भागांत तुटते. प्रत्येक भाग ३० मिमीच्या आसपास, आतून बंद, बाहेरून मोकळा. पाव तरंगलांबी ३० मिमी म्हणजे हवेत २.५ गिगाहर्ट्झ, प्लास्टिक, डिस्प्लेचा थर, गोंद हे सगळं धरलं की २ ते २.२. तुमचा खड्डा तिथेच आहे. अँटेना बदलून तो हलणार नाही, कारण तो अँटेनाचा नाहीच.

उपाय म्हणजे ग्राउंडचे सांधे चौकटीच्या बाहेरच्या कडेकडे नेणं. कडेपासून १० मिमीवर सांधा असेल तर उरलेली चीर ७.५ गिगाहर्ट्झला जाते, निदान मोबाईल बँडांच्या वाटेतून बाजूला. मधल्या केबलवर भरवसा ठेवू नका: अरुंद वाहकाचा इंडक्टन्स ढोबळमानाने मिमीला १ नॅनोहेन्री धरला, तर १० नॅनोहेन्री ८०० मेगाहर्ट्झला ५० ओहम होतात. डीसी मीटरवर शून्य ओहम दाखवणारा ग्राउंड आरएफला निम्मा तुटलेला असू शकतो. केबलमधला ग्राउंड रुंद हवा, आणि एका मोठ्या केबलपेक्षा दोन्ही कडांना दोन बऱ्या.

डिस्प्लेखालची आधाराची पत्री बहुतेक जण विसरतात. घडी पडावी म्हणून मध्ये जाळीदार कापलेली ती स्टीलची किंवा कार्बन फायबरची पत्री दोन्ही अर्ध्यांवर पसरलेली असते, म्हणजे बिजागरीवरून जाणारा तो आणखी एक वाहक. ग्राउंड केली नाही तर तीच रेझोनेट होते. कार्बन फायबर असेल तर वर तोटाही जास्त. प्रत्येक अर्ध्यात निदान चार ठिकाणी वाहक फोम लावून तिला चौकटीशी बांधा. डिस्प्लेऐवजी तांब्याची पट्टी चिकटवलेल्या नमुन्यावर मोजत असाल, तर हा सगळा भाग मोजमापात येतच नाही.

तिसरी अडचण. बँड ३ चा अपलिंक १७१० ते १७८५. दुप्पट करा: ३४२० ते ३५७०. एन-७८ ची हद्द ३३०० ते ३८००. दुसरा हार्मोनिक सरळ रिसीव्हरच्या मांडीवर. पॉवर अॅम्प्लिफायरनंतरचा फिल्टर तो अडवतो, पण फिल्टरच्या पुढे, अँटेनाच्या बाजूला, हार्मोनिक तयार झाला तर त्याला अडवायला कुणी नाही. बिजागरीत धातूला धातू टेकतो, मध्ये वंगण आणि ऑक्साइडचा पापुद्रा. दाब कमी-जास्त होतो. अर्धवट टेकलेला असा सांधा डायोडसारखा वागतो. कोन बदलला की दाब बदलतो, म्हणून तुमचा आकडा नाचतो. हेच दुखणं बँड ८ च्या तिसऱ्या हार्मोनिकलाही होऊ शकतं (२६४० ते २७४५; यातला २६९० पर्यंतचा भाग बँड ७ च्या डाउनलिंकमध्ये पडतो), तेव्हा तेही मोजून ठेवा.

बिजागरी एकतर पक्की ग्राउंड करा, नाहीतर पक्की तोडा. मधली स्थिती सर्वांत वाईट. पक्की करायची तर:

– स्क्रूखालचं अॅनोडायझिंग लेझरने खरवडून उघडा धातू काढा. अॅनोडायझिंग हे विद्युतरोधक आहे. स्क्रू कितीही आवळला तरी संपर्क आट्यांतूनच होतो, आणि तो बेभरवशाचा.
– हलत्या सांध्यांवर ग्राउंड सोडू नका. त्यांना वळसा घालणारी छोटी फ्लेक्स पट्टी किंवा सोन्याचा मुलामा दिलेली स्प्रिंग पत्ती लावा. अॅल्युमिनियमवर थेट सोनेरी पत्ती टेकवली तर दमट हवेत गंज धरतो. मध्ये निकेल किंवा स्टीलचा वेल्ड केलेला तुकडा घ्या.
– फ्लेक्समधलं तांबं रोल केलेलं, अॅनील केलेलं हवं आणि घडीच्या भागात ग्राउंड जाळीदार.

कुठला सांधा दोषी आहे हे शोधायला वाईट नग घ्या, बँड ३ पूर्ण शक्तीवर ठेवा, एन-७८ च्या रिसीव्हरची नॉइज पातळी बघत राहा आणि प्लास्टिकच्या काडीने एकेक जागा दाबत जा. ज्या जागेला दाबल्यावर नॉइज उडी मारते ती जागा. धातूचा चिमटा वापरू नका, तोच अँटेना होईल.

डीबीमोजे

वरच्या दोघांशी सहमत, पण उणे १०.५ हा आकडा खरा आहे का ते आधी बघा. मोजणीची केबल कुठून बाहेर काढलीय? मिटलेला फोन ८५ मिमीचा. ९०० ला तो स्वतः फार छोटा विकिरक आहे, आणि केबलचं बाहेरचं आवरण आनंदाने उरलेला फोन बनतं. केबल लांब बाजूच्या मध्यावरून, प्रवाहाच्या आडव्या दिशेने काढा. मिटलेल्या अवस्थेत हा मध्य बिजागरीवर नसतो, तिच्यापासून ४० मिमी आत असतो, म्हणून एकाच नमुन्यावर दोन्ही अवस्था मोजल्या तर एक चुकणारच. दोन नमुने करा. फेराइटचे मणी या वारंवारतेला शक्ती पितात आणि कार्यक्षमता आहे त्याहून कमी दाखवतात. ८३ मिमीचा पाव-तरंग स्लीव्ह बॅलन (केबलच्या आवरणावरचा प्रवाह रोखणारी नळी) बरा. आणि शेवटचा शब्द केबलविना घेतलेल्या टीआरपीचा (फोनने सगळ्या दिशांना मिळून फेकलेल्या शक्तीचा).

नवतरंग

पट्ट्यांची चाचणी केली. ०.५ मिमीला खड्डा ९०५ वर, १ मिमीला ९६०, २ मिमीला १०१० च्या पुढे. दुसरा उथळ खड्डा १०४० च्या आसपास, तो फारसा हलला नाही. म्हणजे तांबेपट्टींचा अंदाज बरोबर; मॅचिंग डिफरन्शियल मोडवर बसवलं होतं. केबल हलवल्यावर आकडा उणे ९.८ झाला.

माथ्यावरच्या तुकड्याच्या पायाशी २२ नॅनोहेन्री घातल्यावर खालचा मोड ७९० ला गेला, वरचा ट्युनिंग करून ९२० ला आणला. आता उणे ७.१. एस-११ उणे ७ च आहे, तरी टीआरपी सुधारला. पण दोन प्रश्न उरतात. ७९० म्हणजे बँड २८ च्या डाउनलिंकमध्ये (७५८ ते ८०३) नाही का? आणि डायव्हर्सिटीचं काय करायचं? उघड्या आणि मिटलेल्या ट्युनिंगमधलं स्विचिंग कुठल्या कोनाला ठेवायचं तेही सांगा.

तांबेपट्टी

उणे ७.१ वर थांबायला हरकत नाही. उघड्याइतकी उणे ५ मिटलेल्या अवस्थेत मिळवायचा हट्ट धरू नका; चासिस (फोनचं धातूचं अंग) निम्मा झालाय, खालच्या बँडांत विकिरणाचं बरंचसं काम तोच करत होता. दोनेक डीबीचा फरक प्रामाणिक आहे.

बँड २८ चा प्रश्न फोन त्या क्षणी बँड २८ वर असेल तरच येतो. समोरच्या तुकड्याचं ट्युनिंग बँडप्रमाणे बदलायचं: बँड ८ ला २२, बँड २८ ला त्याहून मोठी कॉइल, म्हणजे वाईट मोड ७०० च्या खाली जाईल. दोन्ही बँड एकाच वेळी चालवायचे असतील तर मात्र या रचनेत सुटका नाही. मिटलेल्या अवस्थेत त्या दोन बँडांची जोडी बंद ठेवा.

डायव्हर्सिटी: जो तुकडा पॅरासिटिक म्हणून, म्हणजे मुख्य अँटेनाचा जोडीदार म्हणून राबतोय तोच खालच्या बँडचा रिसीव्हर होऊ शकत नाही. मिटल्यावर खालच्या बँडची डायव्हर्सिटी बाजूच्या चौकटीवर हलवा. तिथली कार्यक्षमता उणे १० ते १२ आली तरी चालेल, दोघांतला कोरिलेशन गुणांक ०.५ च्या खाली असला म्हणजे झालं. १७०० च्या वरच्या बँडांना माथ्यावरचा तुकडा तसाच वापरता येईल, पण आयसोलेशन (दोन अँटेनांमधलं विलगीकरण) पुन्हा मोजा. १० डीबीखाली गेलं तर काही उपयोग नाही.

खटका

स्विचिंगचं मी सांगतो. कोन आणि टोकांमधलं अंतर यांचं गणित करा: ८० मिमीच्या अर्ध्याला १० अंशांत टोकं १४ मिमी लांब जातात, ३० अंशांत ४१ मिमी. जोडणीचा सगळा खेळ शेवटच्या काही अंशांत आहे. त्यामुळे तीन-चार कोनांसाठी ट्युनिंगच्या वेगवेगळ्या तक्त्यांची गरज नसते. मिटलेला आणि उघडा एवढे दोन पुरतात. टेबलावर ९० अंशांत ठेवलेला फोन एकदा मोजून बघा, बहुधा उघड्याचाच तक्ता चालतो.

मिटलेला तक्ता ८ अंशांच्या आत लावा, परत उघडा १५ अंशांच्या पुढे. हा हिस्टेरिसिस ठेवला नाही तर खिशात किंचित उघडझाप होणारा फोन दोन तक्त्यांत फडफडत राहतो.

हॉल सेन्सरची (फोन मिटल्याचं चुंबकावरून ओळखणाऱ्या सेन्सरची) तार शक्यतो थेट मॉडेमच्या पिनला द्या. स्क्रीन बंद असताना मुख्य प्रोसेसर झोपलेला असतो. त्याला उठवून, सेन्सर वाचून, मग मॉडेमला कळवेपर्यंत बराच वेळ जातो. अँड्रॉइड ११ पासून बिजागरीच्या कोनाचा सेन्सर प्रणालीत आहे, पण तो अॅपसाठी ठीक. आरएफने त्यावर अवलंबून राहू नये. ट्युनरला आज्ञा पोहोचायला काही मायक्रोसेकंद लागतात, तेव्हा बदल टाइम-स्लॉटच्या सीमेवरच करा. ट्रान्समिट चालू असताना मध्येच स्विच फिरला तर फेज उडी मारते आणि तो स्लॉट वाया जातो.

हॉल सेन्सरला बाहेरचा चुंबक फसवतो. चुंबकी कव्हर किंवा गाडीतला चुंबकी होल्डर जवळ आला की फोन उघडा असूनही मॉडेमला तो मिटलेला वाटतो, आणि मग चुकीच्या तक्त्याचा फटका थेट ट्रान्समिटला. दोन्ही अर्ध्यांतल्या अॅक्सेलरोमीटरशी पडताळा घ्या. एकमत नसेल तर उघड्याचा तक्ता.

बिजागरी_७२

एक राहिलं. हे सगळं नव्या नगावर जुळवून थांबू नका. २ लाख उघडझापींची यांत्रिक चाचणी होणारच आहे. त्यातले पाच-सहा नग ५० हजार, १ लाख आणि २ लाखांना बाहेर काढून मिटलेल्या अवस्थेचा एस-११ आणि बँड ३ सोबतची एन-७८ ची नॉइज पुन्हा मोजा. बिजागरी सैल होऊन ०.५ चं अंतर ०.३ झालं तर तुमचे २.१ पिकोफॅरड ३.५ होतात आणि वाईट मोड पुन्हा सरकतो. चौकटीच्या कोपऱ्यांत ०.४ मिमीची टेकणं ठेवलीत तर अंतर त्याखाली जाणार नाही. टेकणं रबराची नकोत, दबतात.